दाजी, हळू बोला

दौंड,
१८ जानेवारी २०२५

तीर्थरूप दाजी यांस,
इंद्रजीतचा साष्टांग नमस्कार.

पोस्टमन दारात बघून दचकू नका. कोर्टाचा कागद नाही, कुणी गेल्याची खबरही नाही. मेव्हण्याचं पत्र आहे. ते त्या दोहोंपेक्षा बरं की वाईट, हे तुम्ही ठरवा.

पत्र का, तर व्हॉट्सॲपवर तुम्हाला काहीही विचारलं की तुम्ही अंगठा पाठवता. सराव चालू आहे का? अंगठा. जेवण जातं का? अंगठा. अक्का बरी आहे का? अंगठा. मागच्या आठवड्यात मी मुद्दाम विचारलं, ‘दाजी, तुमचा पांढरा बैल विकून टाकू का?’ त्यालाही अंगठा आला. तेव्हा ठरवलं, आता कागद. कागदावर अंगठा उमटवणाऱ्याला लोक निरक्षर म्हणतात आणि तुम्ही तर दहावीला मराठीत पहिले होता.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पुण्याच्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या धनश्री मॅडम समजावून सांगत होत्या तेव्हा तुम्ही खिडकीतून खालच्या गाड्या बघत होता. मी मात्र शहाण्या पोरासारखं सगळं ऐकलं. ते असं. भाद्रपदात ऑपरेशन झालं, स्वरयंत्र गेलं, रोग त्याच्यासोबत गेला. श्वास आता गळ्याखालच्या भोकातून चालतो, तो तसाच चालणार. बोलायला मात्र अजून एक वाट शिल्लक आहे. तोंडातली हवा जिभेनं मागं सारायची, अन्ननळीच्या तोंडाशी न्यायची आणि पोटात उतरायच्या आत माघारी बोलवायची. येताना ती जो आवाज करते त्याचेच शब्द घडवायचे. सरळ सांगायचं तर ढेकरावर बोलायचं. सुरुवात पा, ता, का यांच्यापासून, कारण ते म्हणतानाच हवा आपोआप मागं जाते.

मी जन्मभर पोरांना शिकवत आलो की कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ ही वर्णांची स्थानं. अन्ननळी त्यात नव्हती. ती उणीव आता तुमच्या निमोणे गावात भरून निघेल. ढेकराला मात्र आपल्या शास्त्रकारांनी वाऱ्यावर सोडलेलं नाही बरं का. शरीरातल्या वायूंना खाती वाटून देताना ढेकरासाठी नाग नावाचा स्वतंत्र वायू नेमलाय. तुमच्या नागाकडं आजवर जेवणानंतरचं हलकं खातं होतं. त्याला बढती मिळाली असं समजा.

गळ्याला लावून बोलायचं मशीन तुम्ही पाटीवर ‘गिरणीचा भोंगा बरा’ असं लिहून नाकारलंत. मॅडमना हसू आवरेना. म्हणजे आता हाच मार्ग.

यात्रा चैत्रात आहे. शर्यतीत पळणाऱ्या बैलगाड्यांची पहिली बारी नेहमीसारखी तुम्हीच पुकारायची, असं तुम्ही मनाशी धरलंय, हे मला कुणी सांगायची गरज नाही. गाडा सुटला की तुमची ती ‘झाली!’ची आरोळी ऐकायला पार जुन्नरकडची माणसं यायची. ध्येय चांगलं आहे. सोडू नका. आणि उत्तर लिहा. बोटानं नव्हे, पेनानं.

आपला,
इंद्रजीत


निमोणे, ता. शिरूर
२९ जानेवारी

इंद्रजीत मास्तरांस,
जयसिंगचा रामराम.

पत्र पोचलं. तुमच्या बहिणीनं दोनदा वाचलं आन् मोठ्यानं हसली, म्हणून उत्तर देतोय, न्हाईतर देत नव्हतो. बैलाचा मेसेज मी वाचलाच नव्हता. पांढऱ्याला हात लावाल तर याद राखा.

सराव चालू हाय. घरात न्हाई करत. घरात ढेकर काढला की शेजारची पोरं खिडकीला लोंबकळत्यात. म्हणून सकाळी उठून शर्यतीच्या घाटावर जातो. यात्रा नसली की तिथं चिटपाखरू नसतं. मंचावर उभा राहतो, वरच्या टोकाकडं तोंड करतो आन् पा, ता, का लावतो. मॅडम म्हणत्यात हळू करा. त्यांना घाट म्हंजी काय ते ठावं न्हाई. खोलीत बसून हळू बोलून मी काय करू? माझा आवाज ह्या टोकाचा त्या टोकाला जायाचा. तुम्ही होताच की त्या साली. फायनलला जनरेटर बसला, माईक मेला, आन् मी नुसत्या गळ्यावर अख्खी फायनल पुकारली. माझं नाव झालं ते त्या दिवशी. माईकवर कुणीबी बोलतं मास्तर. लाईट गेल्यावर ऐकू येतो तो आवाज.

तसा आला पायजे. म्हणून जोर लावतोय. पोट फुगतं, छाती भरून येती, पण ‘पाट’ आन् ‘ताक’ यायला लागलंय. ‘झाली’ पण काढतो. चैत्राला अजून अवकाश हाय.

तुमच्या नागाला नमस्कार सांगा.

जयसिंग


दौंड,
६ फेब्रुवारी

तीर्थरूप दाजी यांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी स्टाफरूममध्ये उभ्यानं वाचलं आणि बेल झाली तरी वर्गावर जायचं विसरलो. ‘पाट’ आणि ‘ताक’! म्हणजे जेवणाची निम्मी तयारी झाली.

घाटावर सराव करता हे मला फार पटलं. मॅडमचं पुस्तकी झालं. पोहायला शिकायचं तर विहिरीवरच गेलं पाहिजे. माझ्या मते तुम्ही आता अंतर वाढवत न्यावं. आज मंचाच्या पायथ्यापर्यंत, मग पहिल्या वळणापर्यंत, मग वर. एकदम सगळा घाट डोळ्यांपुढं धरलात तर छाती दडपेल. आठवीच्या पोरांना मी पहिल्या दिवशी संस्कृतची सगळी शब्दरूपं दाखवत नाही, नाहीतर ती दुसऱ्या दिवशी हिंदी घेतात. ‘सर, याचा उपयोग काय?’ असं एखादं विचारतंच. मी सांगतो, मार्क पडतात. तुम्ही विचारलंत तर मी सांगेन, चैत्र येतोय.

कंटाळा आला की मला लिहा. राग आला तरी लिहा. तुमचं पत्र येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही. काल घरातल्या घरात इतक्या फेऱ्या मारल्या की सौ. म्हणाली, बाहेर जाऊन चाला, फरशी झिजेल. बाहेर गेलो तो थेट पोस्टापर्यंत.

आता मोठी बातमी. परवा चौफुल्यावर तुमच्या यात्रा कमिटीचा शंभू भेटला. म्हणाला, “सर, दाजींचं काय? न्हाईतर पारनेरकडचा एक पोरगा हाय, बरा बोलतो, त्याला आत्तापास्नं सांगावं लागंल.” मी म्हणालो, “पोरगा कशाला? पहिली बारी दाजीच पुकारणार. लिहून घे.” त्याचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! समोरच्या टपरीवर मला बळंच चहा पाजला.

तेव्हा आता माघार नाही.

आपला,
इंद्रजीत


निमोणे,
३ मार्च

चि. इंद्रजीत यास,
सविताचे अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण हे दिवसभर घरात असत्यात. बोलणं गेलं तरी कान शाबूत हाईत. बाजाराचं निमित्त काढून आले आन् पोस्टाच्या बाकड्यावर बसून लिहितीय. अक्षर वाकडं आलं तर मास्तरकी करू नको.

तुला हे जे लिहित्यात ते खरं न्हाई. संक्रांतीपासून पुण्याला गेले न्हाईत. बस चुकली, पाणी द्यायचं हाय, डोकं दुखतंय, दर बारीला नवीन. सकाळी घाटावर जात्यात आन् माघारी येत्यात तवा डोळे लाल, गळ्यापाशी सूज, खोकून खोकून जीव जातो. मग भिंतीला टेकून बसत्यात. घरात आजपर्यंत एक अक्षर काढलं न्हाई. माझ्याशी पाटीवर बोलत्यात. पाटीवर ‘चहा’. पाटीवर ‘मीठ कमी’. भांडण पण पाटीवर. मी बोलून मोकळी होती आन् हे अजून लिहीतच असत्यात. तवर माझा राग निवतो. असं कुठं भांडण असतं का रं?

मागल्या सोमवारी शेजारच्या म्हाळसाच्या घरी बारसं होतं. पंगतीत वाढपी ताक घेऊन आला. ह्यांनी मान खाली घालून ‘ताक’ म्हणायचा प्रयत्न केला. ढेकर तेवढा मोठा आला, शब्द आला न्हाई. वाढपी म्हणाला, “पोट भरलं वाटतं, आबा!” सगळी पंगत हसली. त्या बिचाऱ्याला काय ठावं. हे भरल्या ताटावरनं उठले ते चपला विसरून घरी.

आन् त्यात तुझा शंभू. न्हावऱ्याच्या चौकात ह्यांचा फेटा बांधलेला फोटो लागलाय, माणसापेक्षा मोठा. खाली लिहिलंय, ‘घाटाचा वाघ पुन्हा येतोय’. मी शंभूला विचारलं, हे कुणी सांगितलं? तर म्हणाला, तुमच्या भावानं. इंद्रजीत, तुझं मन चांगलं हाय, पण तोंड लई लवकर उघडतं. हे तो फोटो बघून आले आन् जेवले न्हाईत.

मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नको.

सविता


दौंड,
१० मार्च

तीर्थरूप दाजी यांस,
साष्टांग नमस्कार.

मी सहज पुण्याला गेलो होतो. सहज म्हणजे रजा टाकून. दवाखान्याच्या बाजूनं जात होतो म्हणून सहजच धनश्री मॅडमना भेटलो. सहज दोन तास बाहेर बसावं लागलं, एवढंच.

तुम्ही संक्रांतीपासून तिकडं फिरकला नाहीत, हे त्यांनीच सांगितलं. मी तुमची बाजू घेतली. म्हणालो, दाजी सोडून देणाऱ्यातले नाहीत, रोज घाटावर उभं राहून सराव करतात. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“घाटावर? ओरडून?”

“अंतर वाढवत,” मी म्हणालो.

“हे त्यांना कुणी सांगितलं?”

दाजी, त्यांच्या खोलीतला पंखा फार चांगल्या कंपनीचा आहे. मी बराच वेळ बघितला.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आता तरी नीट पोचवतो. या आवाजाला जोर चालत नाही. जोर लावला की अन्ननळीचं तोंड आवळतं, हवा आत जातच नाही, आणि गळ्याच्या भोकातून जो फुसकारा सुटतो त्यात असलेला शब्दही बुडतो. जितका दम लावाल तितकं कमी बोलाल. ताटाच्या पलीकडं बसलेल्या माणसाला ऐकू जाईल, तेवढंच बोलायचं. शेवटी त्यांनी भोळेपणानं विचारलं, “पण सर, शर्यतीत माईक नसतो का?”

असतो. दर साली असतो. एका फायनलला तो बंद पडला आणि तेव्हापासून तुम्ही आणि मी, दोघंही असं वागतोय की जणू तो दर साली बंदच असतो. तुम्ही वेडे, मी शिकलेला वेडा.

शंभूलाही फोन केला, तो फोटो उतरव म्हणून. तो म्हणाला, “सर, एकदा लागलेला फ्लेक्स यात्रेपर्यंत उतरत न्हाई. बाजूला तुमचा पण लावू का?”

दाजी, पुण्याला जा. मी येतो सोबत.

आपला,
इंद्रजीत


निमोणे,
१६ मार्च

मास्तर,

रामराम लिहीत न्हाई, राग हाय.

तो फोटो बघून माणसं मला रस्त्यात थांबवत्यात. “काय म्हणतोय वाघ?” आन् कान पुढं करत्यात. मी काय म्हणणार? मान हलवतो. मग ते एकमेकाकडं बघत्यात आन् माझ्या पाठीवर हात ठेवत्यात. तो हात ठेवला की मला गाडून घ्यावंसं वाटतं.

काल घाटावर शेवटचं गेलो. म्हणलं, आज ‘झाली’ काढायचीच. होता नव्हता तेवढा जोर लावला. तोंडातनं काय आलं न्हाई. गळ्याच्या भोकातनं शिट्टी वाजली. खाली भैरूची मेंढरं चरत होती. त्याचं कुत्रं शिट्टी ऐकून पळत वर आलं आन् माझ्यापुढं बसलं, हुकूम द्या म्हणून. अख्ख्या घाटात माझं ऐकणारं ते एक निघालं. भैरू बघत होता. हसला न्हाई. हसला असता तर बरं झालं असतं.

मी बंद केलं. पाटी बरी हाय. पुण्याला जाणार न्हाई. सोबत यायची गरज न्हाई. शंभूला चिठ्ठी देतोय, पारनेरच्या पोराला बोलवा म्हणून.

तुम्हाला आवाज हाय, म्हणून तुम्ही दुसऱ्याच्या आवाजावर चहा पिता. आधी म्हणता जोर लावा, मग म्हणता लावू नका. मी काय तुमच्या वर्गातला पोरगा हाय? एवढा राग आलाय की आत्ता समोर असता तर तुम्हाला असं काय बोललो असतो की दौंडपर्यंत धावत गेला असता. पण समोर असता तरी काय केलं असतं मी? पाटीवर लिहिलं असतं.

उत्तर पाठवू नका.

जयसिंग


दौंड,
२१ मार्च

तीर्थरूप दाजी यांस,

उत्तर पाठवू नका म्हणालात, म्हणून हे उत्तर नाही. औषधाचा कागद आहे.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. सगळं खरं आहे, चहाचंसुद्धा. शंभूला मी काल स्वतः जाऊन सांगितलं की दाजी पुकारणार नाहीत, त्या पोराला बोलव. घाट, यात्रा, वाघ, सगळं मी डोक्यातून काढून टाकलंय. तुम्ही परत बोलावं असं आता मी म्हणणारही नाही.

पण तुमच्या शेवटच्या ओळींनी माझी झोप उडवली. सोयऱ्याधायऱ्यांत मेव्हण्याला चार शब्द सुनावण्याचा दाजीचा हक्क कुणी काढून घेतलेला मी ऐकलेला नाही. तुम्ही तर तो हळदीच्या दिवसापासून बजावत आलात. मी पदवीला संस्कृत घेतलं तेव्हा ‘आता भटजी होऊन आमच्याच घरी दक्षिणा मागायला येणार’ असं भर मांडवात कोण म्हणालं होतं? तो हक्क पाटीवर बजावता येत नाही. लिहून होईपर्यंत मी पळून जाईन.

म्हणून शास्त्राधार घेऊन खालील योजना केली आहे. ज्या वर्णांनी हवा आपोआप मागं जाते, त्यांनीच सुरू होणारे शब्द निवडलेत. ‘क’च्या घरातले : कपटी, कुचका, गाढव, घमेंडी. ‘च’च्या घरातला एकच देतो, चोंबडा, मला तो इतका शोभतो की दुसरा सुचला नाही. ‘ट’च्या घरातले : टवाळ, ठोंब्या, ढोंगी. ‘त’च्या : तोंडाळ, थापाड्या, दीडशहाणा. ‘प’च्या : पोकळ, फुकट्या, बावळट, भामटा. थापाड्या आणि फुकट्या जरा जड जातील, ते मागाहून घ्या.

पथ्य असं. दिवसातून एकदा, ताटावर बसल्यावर, फक्त अक्कापुढं, यातला कुठलाही एक, माझं तोंड डोळ्यांपुढं आणून म्हणायचा. अगदी हळू. मोठ्यानं म्हटलात तर शिवी वाया जाते, कारण मी दौंडला आहे आणि तिथवर ती तशीही पोचणार नाही. अक्काचं माझ्याबद्दलचं मत मुळात फार वरचं नाही, तिला धक्का बसायचा नाही.

बरं वाटावं म्हणून करू नका. गावासाठी करू नका. माझ्यावर राग आहे ना? तेवढा पुरे.

आपला,
कपटी


दौंड,
२ एप्रिल

अक्का,

पाडवा झाला, चैत्र लागला, तुमच्याकडून चिटोरंही नाही. पोस्टमन मला लांबून बघूनच मान हलवतो. वर्गात काल मी एकच धडा दोनदा शिकवला आणि पोरांनी मला थांबवलंही नाही, कारण दुसऱ्यांदा त्यांना तो येत होता. फोन केला तर तू ‘हं, हं, बरंय’ म्हणून ठेवून देतेस. दाजींनी कागद फाडला का? तसं असेल तर तसं लिही. मला राग सोसेल, हे सोसत नाही.

इंद्रजीत


निमोणे,
५ एप्रिल

चि. इंद्रजीत यास,
आशीर्वाद.

कागद फाडला होता. चार तुकडे केले आन् कोनाड्यात ठेवले. फाडायचं होतं तर चुलीत घालायचं, कोनाड्यात कशाला? मधी एक दिवस बघितलं तर तुकडे चिकटपट्टीनं जोडलेले.

मग पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाकरी करत होते, हे ताटावर बसलेले. खाली मान घालून काहीतरी आवाज केला. मला वाटलं तव्यावरची भाकरी फुगून फुटली. बघितलं तर भाकरी सपाट. म्हणलं, “काय झालं?” परत केला. ह्या वेळी मला ऐकू आलं. ‘कपटी.’

मी म्हणलं, “कोण? मी?”

बोट केलं दौंडकडं.

मला एवढं हसू आलं इंद्रजीत, पिठाचा हात तोंडाला लागला. म्हणलं, “अजून काय हाय?” तर ‘ढोंगी’ निघाला. मग ‘बावळट’, पण त्यातला ‘ट’ दम संपून राहिला. ‘थापाड्या’ येत न्हाई, नुसता ‘पाड्या’ येतो. आवाज कसा सांगू? ह्यांचा न्हाई. जुन्या दाराच्या बिजागरीचा असतो तसा. पण शब्द कळतो. मी मुद्दाम चिडवलं, “माझ्या भावाला शिव्या देताय, लाज न्हाई वाटत?”

तर म्हणाले, “न्हाई.”

हा तुझ्या कागदावर नव्हता. मी परत तव्याकडं वळले. भाकरी करपली ती करपली.

आता रोज चालतं. मी भाजी वाढता वाढता भांडण काढते आन् हे उत्तर देत्यात. दोन-दोन शब्दांत, पण तोंडानं. काल पुण्याला जाऊन आलो. मॅडम म्हणाल्या, एकदम कसं जमलं, काय केलंत? हे म्हणाले, “मेव्हणा.” मॅडमला वाटलं तू मदत केलीस.

शंभू येऊन गेला. तो म्हणतो माईक तोंडाशी धरतो, एक ‘झाली’ म्हणा, बास. हे त्याला हो पण म्हणाले न्हाईत आन् न्हाई पण. त्या दिवसापासून अंगणात फेऱ्या मारत्यात. मला भ्या वाटतं. पंगतीत झालं ते एवढ्या माणसांपुढं परत झालं, तर हे कायमचे मिटतील.

सविता


निमोणे,
१४ एप्रिल

इंद्रजीत मास्तरांस,
रामराम.

यात्रा झाली. तुम्ही आला न्हाई ते बरं केलं. आला असता तर मंचावर चढून भाषण ठोकलं असतं.

सकाळी शंभू आन् कमिटी दारात. हातात फेटा, बरोबर फोटोवाला. “दाजी, एकच शब्द. माईक आम्ही धरतो.” सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. खोटं सांगत न्हाई, इच्छा झाली. फेट्याला हात पण लावला. शब्द येत होता. आदल्या सांजेला गोठ्यात काढून बघितला होता, पांढऱ्यानं कान टवकारला. पण मास्तर, ह्यांना माझा शब्द नको होता, वाघ पायजे होता. तो माझ्याकडं न्हाई. जो हाय तो लहान हाय, आन् रांगायला लागल्याबरोबर त्याला घाटात पळवायचा न्हाई, एवढं मला कळायला लागलंय.

म्हणालो, “पोराला द्या.”

शंभूनं परत ‘काय?’ म्हणून विचारलं न्हाई. मी बोललो आन् त्याला कळलं. फेटा काखेत मारला आन् म्हणाला, “बरं दाजी. पण घाटावर तरी या.” पाठीवर हात ठेवला न्हाई त्यानं.

गेलो. मंचावर खुर्ची ठेवली होती. न्हाई बसलो. बायका वरच्या अंगाला लिंबाखाली बसत्यात. तुमची बहीण दर साली तिथंच असती. मी माईकवर आन् ती तिकडं. गाव अख्ख्याला बाऱ्या समजावून सांगितल्या, पण हिला तिथनं काय दिसतं, काय कळतं, कवा विचारलं न्हाई. सरळ जाऊन तिच्या शेजारी बसलो. बायकांनी पदर सावरले. सिंधूबाई म्हणाली, “काय हो, वाट चुकला व्हय?” मी म्हणलं, “न्हाई.” ती डोळे मोठे करून बघतच राहिली.

पहिली बारी सुटली. पारनेरचं पोरगं बरं बोलतं. जरा शब्द खातंय, पण दम हाय. त्यानं ‘झाली’ म्हणलं तवा मला काय वाटलं, ते तुम्हाला न्हाई सांगत. तेवढ्यात त्याच गाड्याच्या पुढच्या जोडीतला डावा बैल बाहेर ओढायला लागला आन् पोराचं तिकडं लक्षच न्हाई. मी हिच्या कानाशी लागलो.

“डावा बघ. बाहेर ओढतोय.”

“कुठला डावा?”

बोट दाखवलं. वळणावर गाडा कलला, बारी गेली. ही माझ्याकडं वळून म्हणाली, “तुम्हाला आधीच कसं कळलं?” आता कसं कळलं हे दोन शब्दांत सांगता येतं का? सांगायला लागलो. दोन शब्द, हवा संपली, परत गिळली, परत दोन शब्द. जोर लावायला जागाच नव्हती, कान एवढा जवळ. मागच्या जोडीचं काम काय, बैल वळणावर का बुजतो, बैलांच्या पुढं घोडी कशाला पळवायची, सगळं सांगत गेलो. पुढली बारी, त्याच्या पुढली, त्याच्याबी पुढली. वर कर्णे वाजत होते, मला त्यांचं काय ऐकू येईना.

उन्हं डोक्यावर आली. कवठे येमाई गावचा गाडा सुटायला उभा राहत होता. तवा तुमची बहीण, जिनं भाद्रपदापासून माझ्या एका शब्दासाठी कुठंकुठं नवस बोललेत ते मला म्हाळसाकडनं कळलंय, ती बहीण माझ्या गुडघ्यावर चापट मारून म्हणाली,

“अहो, आता जरा गप बसा की! बघू तर द्या मला.”

सिंधूबाई पदरात तोंड घालून हसली.

मास्तर, तुमच्या बहिणीला समज द्या. कवठ्याची बैलं पांढरीशुभ्र होती, शिंगाला शिंग, आन् त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं बरंच होतं.

मी गप बसलो न्हाई.

जयसिंग